घराचं तोंड

५ नोव्हेंबर १९६७

रोसामेल यांना, एदुलियाकडून.

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. तुमची आई गेली तेव्हा कळवलं होतं. त्यानंतर कळवण्यासारखं काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही. आताही फारसं काही नाही. तुमच्याकडून एक ओळ हवी आहे, तेवढ्यासाठी शाई खर्च करते आहे.

घर हलवायचं आहे. मोठ्या भूकंपात किनारा खचला हे तुम्हाला तिकडे पाटागोनियात कुणी ना कुणी सांगितलं असेलच. तेव्हापासून समुद्र दरवर्षी थोडा थोडा आत येतो आहे. अंगणातली सफरचंदाची झाडं खाऱ्या पाण्याने वाळली. आज ना उद्या घरही जाईल. म्हणून मी असं ठरवलं आहे की घर उचलून खाडीपलीकडे लोबोसच्या टोकावर न्यावं. तिथे माझ्या आईचा बटाट्याच्या शेताचा तुकडा आहे आणि जमीन उंच आहे.

याला मिंगा लागते, सगळ्या गावाचे हात आणि बैल, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही स्वतः किती घरं ओढली आहेत. मी रीतीप्रमाणे आंबवलेल्या चिचाचा घडा काखोटीला मारला, पेला घेतला आणि सगळ्यात आधी बास्तियानकाकांकडे गेले, कारण बैलांना हाकारावं तर त्यांनीच. उंबऱ्याबाहेर उभी राहिले, पेला भरून पुढे केला आणि म्हटलं, "काका, विनवणी करायला आले आहे. घर न्यायचं आहे."

त्यांनी पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"एदुलिया, घर कुणाचं गं?"

"माझंच की."

"बांधलं कुणी?"

"रोसामेलनी."

"मग रोसामेलचा शब्द आण. उद्या तो लाँचमधून उतरला आणि घर जागेवर दिसलं नाही, तर बोंबलत माझ्याच दारात येईल. जित्या माणसाचं घर त्याच्या पाठीमागे ओढायचं म्हणजे चोरीच झाली."

मग त्यांनी पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवला. हळूच, सांडू न देता, अगदी मानाने. मी तो परत घड्यात ओतला आणि पुढच्या दाराशी गेले. तिथेही तेच. ओर्फेलिनामावशी तर म्हणाल्या, "विधवा असतीस ना, तर एव्हाना चार बैलजोड्या तुझ्या अंगणात उभ्या असत्या." मी म्हटलं, "मग काय करू मावशी, त्यांना तिकडे जाऊन मारून येऊ?" त्या हसल्या. पण पेला काही उचलला नाही.

तर एक ओळ लिहा. 'एदुलियाने घर हलवावं, माझी हरकत नाही.' खाली सही. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

मेंढ्या कातरताना वाकून वाकून पाठ धरते म्हणतात. तुमची आधीच दुखायची. जपा.

एदुलिया


१७ डिसेंबर १९६७

रोसामेल,

उत्तर नाही. लाँच येते आणि जाते. तिची वाट बघायला मला धक्क्यावर जावं लागत नाही, कोण उतरलं ते घरातूनच दिसतं. तुम्ही घर बांधलंत तेच असं, की चुलीपाशी उभं राहिलं तरी समोर धक्का. आपली होडी नजरेत राहावी म्हणून. तुम्ही होडी विकून गेलात, आणि खिडकी मला ठेवलीत.

बास्तियानकाकांचा नेस्तोर नाताळासाठी तिकडून आला आहे. मला भेटायला आला. म्हणाला, "काकू, रोसामेलकाका एकदम ठणठणीत आहेत. तुमची आठवण काढतात." मी विचारलं, "त्यांचे कपडे कोण धुतं रे?" तो आपल्या बुटांकडे बघत बसला. मी त्याला बटाट्याची गरम मिल्काओ दिली, वर लोणी घातलं आणि विषय बदलला. एवढा मोठा बाप्या झाला, पण कान लाल झाले होते त्याचे.

मला पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे. गावालाही माहीत आहे. फक्त प्रत्येकाला वाटतं की मला माहीत नाही. रविवारी चर्चबाहेर कुणीतरी माझा हात हातात घेतं आणि म्हणतं, "येईल गं तो." मी मान खाली घालते. ते मला छान जमतं. प्रार्थनेत 'जे दूर आहेत आणि जे त्यांची वाट बघतात' असं आलं की सगळी डोकी माझ्या बाकाकडे वळतात. कास्त्रो शहराहून येणारी लाँच घरासमोरून जाताना तिचा म्हातारा कप्तान माझ्यासाठी भोंगा वाजवतो. बिचाऱ्याला वाटतं, तेवढाच मला धीर. सतरा वर्षं मी त्या भोंग्याला खिडकीतून हात हलवते आहे.

आता खरं लिहिते. तुम्ही उत्तरच देत नाही म्हटल्यावर खोटं तरी कुणासाठी लिहायचं?

समुद्र अंगणात आलेला नाही. जिथे होता तिथेच आहे. सफरचंदाची झाडं मजेत उभी आहेत, बास्तियानकाकांकडे नेलेली चिचा याच झाडांच्या सफरचंदांची होती. मलाच इथून जायचं आहे.

गेल्या हिवाळ्यात मी लोबोसच्या टोकावर शेवाळ वाळत घालायला गेले होते. तिथल्या खडकांवर समुद्रसिंहांचा गोंधळ चालू होता. एक म्हातारा, मानेवर आयाळ, अंगाने हा एवढा, सारखा वर चढायचा, आणि माद्या मिळून त्याला पाण्यात ढकलायच्या. तो पुन्हा वर यायचा, काही झालंच नाही असा चेहरा करून. मला हसू आलं. चांगलं मोठ्याने, पोट दुखेपर्यंत. आणि लगेच मी मागे वळून बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. रोसामेलची बायको, वाट बघणारी, आणि दात काढून हसते आहे.

तिथे कुणीच नव्हतं. तिथून गाव दिसत नाही, धक्का दिसत नाही. मी पाणी चढेपर्यंत बसून राहिले. स्वतःशीच मोठमोठ्याने बोलत होते. रात्रीला काय रांधायचं, जांभळे बटाटे कुठे लावायचे, असलंच काहीबाही. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला तुमची आठवण येत नाही. केव्हापासून येत नाही तेही सांगता येणार नाही. लोकांचे चेहरे बघून मी दुःखी होत आले, एवढंच.

एकटं वाटतं. फार वाटतं, ते नाकारत नाही. 'आज भरती जोरात आहे' एवढं म्हणायला कुणी असावं असं वाटतं, आणि कुणी नसतं. पण ते कुणी म्हणजे तुम्ही, असं आता राहिलेलं नाही. गावात मात्र मी नुसती एकटी असूच शकत नाही. तिथे मला तुमच्यावाचून एकटं असावं लागतं.

म्हणाल, मग टोकावर एखादी खोपटी बांध. का बांधू? घराचा सांगाडा तुमचा असेल. भिंतीवरची एकूण एक फळी मी बदलली आहे, छपरावर मी चढले आहे, आणि चुलीची नळी दर उन्हाळ्यात मीच साफ करते. घर माझ्याबरोबर येईल.

तिकडे तुमचं जे काही आहे त्याबद्दल मी विचारत नाही. माझंही विचारू नका. एक ओळ तेवढी लिहा.

एदुलिया


२८ जानेवारी १९६८

रोसामेल,

तुमचं पत्र मिळालं.

तुम्ही लिहिता, घराला हात लावू नकोस, मी येतो आहे. कातरणी संपली की एप्रिलमध्ये. छाती दुखते, थंडी सोसवत नाही, आणि इथे माझं आता कुणी उरलेलं नाही. खिडकीपाशी बसेन, धक्क्यावरची ये-जा बघेन, तुझ्या हातचं खाईन.

हेच पत्र पहिल्या दोन-तीन वर्षांत आलं असतं तर मी अनवाणी धक्क्यावर धावले असते. आता उभ्या उभ्या वाचलं आणि बटाटे करपायला लागले होते ते उतरवले. मग रडले. तुम्ही समजाल तशातलं ते रडणं नव्हतं. तुमच्या छातीचं वाचून वाईट वाटलं, तेही खरं आहे.

पाकीट माझ्या आधी ओर्फेलिनामावशींच्या दृष्टीस पडलं, त्या धक्क्यावरच होत्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं की रोसामेलचा होकार आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बास्तियानकाका स्वतः माझ्या दारात. "लिहिलं म्हणायचं एकदाचं पठ्ठ्याने. आण तो पेला."

मी पेला भरून दिला. ते प्यायले. पत्रात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फेब्रुवारी अखेरच्या अमावास्येची भरती ठरली आहे. हे तुमच्या हातात पडेल तोवर घर पाण्यात असेल.

एदुलिया


१० मार्च १९६८

रोसामेल,

घर नेलं. कसं ते सगळं सांगते, कारण गावाकडून तुम्हाला दहा तऱ्हांनी कळणारच.

आदल्या दिवशी पुरुषांनी घर खुंटांवरून उचलून खाली दोन ओंडके सरकवले. सकाळी अंगण बैलांनी भरून गेलं. चूल मी पेटतीच ठेवली होती, रीत आहे म्हणून. बास्तियानकाकांनी आरोळी दिली, बैलांनी माना घातल्या आणि घर कुरकुरलं. मग एकदम सुटलं. मी मागून चालत होते. आपली भिंत आपल्यापुढे चालत होती. पाण्याच्या कडेला पिंपं बांधली, भरती चढली, आणि घर तरंगायला लागलं. दोन लाँचींनी दोर घेतले. त्यांत तो कास्त्रोचा कप्तानही होता. सबंध खाडीभर भोंगा वाजवत होता तो, आणि माझ्या नळीतून धूर निघत होता.

पलीकडे दुसरे बैल तयार होते. मी तिथेच खाली काठावर, बायकांबरोबर कुरांतोच्या खड्ड्यापाशी. शिंपले, डुकराचं मांस, बटाटे सगळं तापल्या दगडांवर रचून पानांनी झाकायचं, आणि एवढ्या माणसांचं. वर चढावर घर ओढताना ओरडा ऐकू येत होता, पण मान वर करायला फुरसत नव्हती. ओरडा थांबला, बैल सुटले, माणसं खाली येऊन गवतावर आडवी झाली. तेव्हा मी हात पुसत वर गेले.

घर माझ्या जागेवर बसलं होतं, खुंटांवर, अगदी ओळंब्यात. आणि त्याचं तोंड धक्क्याकडे होतं.

टोकाच्या त्या उंचवट्यावर एक फट आहे, झाडांमधून. तिथून खाडीपलीकडचा धक्का नेमका दिसतो. मला ती कधी दिसली नव्हती. बास्तियानकाकांनी मुद्दाम शोधून काढली. खिडकी तिच्यासमोर यावी म्हणून थकलेल्या बैलांना आणखी अर्धा वळसा घालायला लावला. माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "काय पोरी, बरोबर ना? हलवायचं म्हटलं तरी त्याची लाँच दिसायला हवी. एप्रिलात येतोय ना तो?" त्यांना नेस्तोरकडून कळलं होतं, तुम्ही त्यालाही लिहिलंत म्हणे.

मी उंबऱ्यावर बसले. आता उठवत नाही असं वाटलं. खाली खड्ड्यावरची पानं काढली होती, वाफ वर येत होती, कुणीतरी अकॉर्डियन काढलं होतं. सगळं माझ्यासाठी, मायेने केलेलं. गप्प बसले असते तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

मी घडा आणि पेला घेतला आणि खाली गेले. खाणाऱ्या माणसांसमोर उभी राहिले. अकॉर्डियन थांबलं.

"पुन्हा विनवणी करायची आहे," मी म्हटलं. "घर फिरवायचं आहे. तोंड समुद्राकडे करायचं आहे."

कुणाला कळेना. बास्तियानकाका म्हणाले, "अगं, समुद्राकडून वारा येतो. तिकडे तोंड कोण करतं? आणि मग लाँच कशी दिसेल तुला?"

"मला लाँच बघायची नाही, काका. मी त्यांची वाट बघत नाही. पुष्कळ वर्षं झाली, बघत नाही. तिकडे त्यांचा संसार होता, तेही मला माहीत आहे. आणि पत्रात त्यांनी होकार दिला नव्हता. घराला हात लावू नको असं लिहिलं होतं."

बास्तियानकाकांनी ताटली गवतावर ठेवली. "म्हणजे मी चोरी केली तर."

"मी केली. तुम्हाला न सांगता करायला लावली."

दोन घरची माणसं उठली. आपले बैल घेऊन खालच्या वाटेने निघून गेली. अजून माझ्याशी बोलत नाहीत. मग ओर्फेलिनामावशी. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "सतरा वर्षं," त्या म्हणाल्या, "तुझा नवरा यावा म्हणून मी रोज गुडघ्यावर बसून माळ जपते आहे. फरशी दगडी आहे गं चर्चची."

"माहीत आहे, मावशी."

"मग सांगायचं नाही होय? गुडघे गेले माझे."

मी पेला भरायला घेतला, डोळ्यांतल्या पाण्याने काठ दिसेना, आणि चिचा माझ्या मनगटावर सांडायला लागली. एवढ्या माणसांत इतकं एकटं मला त्या खिडकीतसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला. "दे इकडे. सगळी सांडून टाकशील." आणि पेला एका दमात रिकामा केला. "प्यायले. आता ओढा घर. मी बसल्या बसल्या बघणार, मला गुडघे नाहीत."

कुणीतरी हसलं. मी पेला भरला आणि बास्तियानकाकांसमोर धरला. त्यांनी तो किती तरी वेळ घेतला नाही. ते समुद्राकडे बघत होते, मग घराकडे, मग बैलांकडे. शेवटी म्हणाले, "बैल दमलेत. आधी त्यांना खाऊ दे." आणि पेला घेतला.

बैल कमी पडले, म्हणून माणसांनी दोर धरले. बायकांनीही धरले, मीसुद्धा. माझ्या पुढे नेस्तोर होता, मागे कप्तान. सूर्य कलायच्या आत घर फिरलं.

आज दहा दिवस झाले. वारा खरंच फार लागतो, बास्तियानकाका म्हणाले तसा. फळ्या वाजतात. संध्याकाळी समुद्रसिंह भांडतात आणि ते शांत झाले की एकटं वाटतं. तिथे वाटायचं तसंच. सुखात आहे असं लिहिलं तर अर्धं खोटं होईल. पण सकाळी उठते तेव्हा चेहरा कसा करायचा याचा विचार करत नाही. काल चुलीपाशी गाणं म्हणत होते, सूर लागत नाही माझा, तरी म्हणत होते. कप्तान आता लांबून जातो, टोकाला वळसा घालून. भोंगा अजून वाजवतो. मी हात हलवते, पण आता तो त्याच्यासाठी असतो.

तुम्ही एप्रिलमध्ये येणार. येऊ नका असं मी लिहिणार नाही. छाती दुखते तर इथल्या माणसांत या. या गावावर तुमचाही हक्क आहे.

लाँच जिथे लागायची तिथेच लागते. समोर घर दिसणार नाही, नुसते खुंट आहेत आणि गवत वाढलं आहे. सफरचंदाची झाडं मात्र तिथेच आहेत, झाडं काही ओढता येत नाहीत. एप्रिलात लगडलेली असतील. सफरचंदं तुम्ही स्वतः उतरवा. चरक ओर्फेलिनामावशींकडे आहे. त्या देतील, पण आधी बोलणी खावी लागतील, ती खा. मुक्काम अंगणातल्या तुमच्या आईच्या वेगळ्या खोलीत करा, ती हलवलेली नाही, छप्पर अजून शाबूत आहे. चिचा मुरली की घडा घ्या, पेला घ्या आणि खाडीच्या कडेने चालत या. दम लागेल, सावकाश या.

आधी तुम्हाला घराची पाठ दिसेल. वळसा घालून पुढच्या बाजूला या. उंबऱ्याबाहेर उभे राहा आणि रीतीप्रमाणे विनवणी करा, जशी मी केली. पेला मी उचलीन की कठड्यावर ठेवीन, ते मला आज माहीत नाही. खरंच माहीत नाही.

आणि मी घरी नसण्याचीच शक्यता जास्त. ज्यांनी ज्यांनी दोर धरला त्यांच्या शेतात मला एप्रिलभर बटाटे काढायला जायचं आहे, हाताला हात द्यायला हवा. तेव्हा दार बंद दिसलं तर परत जाऊ नका. पायरीवर बसून माझी वाट बघा. तिथून धक्का दिसत नाही, नुसता समुद्र दिसतो.

एदुलिया